एका आडनावाची बरणी

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहून टाकते. काय झालं ते नंतर सांगते, कारण सांगायला लागले की मी माझीच बाजू धरते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना न विचारता ते छापायचा मला हक्क नाही.

आता मी गुजरातेत राहते, वापीच्या बाजूला. माझ्या बोलण्यातलं 'लय' ऐकून शेजारणी हसतात. सहावीनंतर शाळा सुटली, त्यामुळं लिहिताना अजून धाकधूक होते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. आमचं गाव ताडकळसच्या पलीकडं. सातवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, आणि तेवढ्या लांब पोरीला पाठवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. लग्न झालं. मालक ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. परभणीला एका सर्जन डॉक्टरांच्या दवाखान्यामागं खोली मिळाली, ती अशा बोलीवर, की मी दवाखान्यात काम करायचं. ऑपरेशनचे हिरवे कपडे धुवायचे, वाळवायचे, घड्या घालून डब्यात भरायचे. काम गेलं तर खोली गेली, हे मी सकाळी उठल्याबरोबर स्वतःला एकदा सांगायचे.

दवाखान्यात कामाला लागलं की बाई मावशी होते. मी बावीस वर्षांची होते आणि पन्नाशीचे पेशंटही मला मावशी म्हणायचे. सिस्टर माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, पण त्या सिस्टर. त्यांचे पांढरे बूट, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, खिशाला पेन. डॉक्टर मला सांगायचे आणि त्यांना विचारायचे. सांगणं आणि विचारणं यातला फरक मी दिवसभर मोजत असायचे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. सिस्टर बौद्ध. वडील दुसऱ्याच्या शेतात राबलेले, आणि मुलगी औरंगाबादला राहून नर्सिंग शिकून आलेली. आमच्या घरी जमीन, विहीर, दोन बैलजोड्या, आणि मला इंग्रजीत सही येत नव्हती. हे मला सहन होत नव्हतं, असं सरळच लिहिते. सासू गावाहून आली की विचारायची, "त्या नर्सच्या हातचा च्या पितीस का गं?" मी म्हणायचे, "न्हाई ओ आत्याबाई." पीत तर होते रोज दोन वेळा. पण न्हाई म्हणताना बरं वाटायचं. त्या वेळी तेवढं एकच होतं, ज्यात मी वर आणि त्या खाली.

डॉक्टर साठीचे. दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्यांची वीस-बावीस वर्षांची इंग्रजी मासिकं होती, सगळी ऑपरेशनांवरची. नांदेडला सर्जन लोकांची सभा भरणार होती आणि तिथं त्यांना ऑपरेशनांच्या इतिहासावर बोलायचं होतं. एक दिवस दुपारी त्यांनी आम्हा दोघींना वर बोलावलं.

"हे बघा," एक मासिक शेवटच्या पानावर उघडून ते म्हणाले, "प्रत्येक लेखाच्या शेवटी यादी असते. मी कुणाकुणाचं वाचून हे लिहिलं, त्याची. लेखात सर्जन बढाई मारतो, पण या यादीत खरं बोलतो. मी अठरा जुने, गाजलेले लेख निवडलेत. या सगळ्या मासिकांच्या याद्यांत त्या अठरांपैकी कुणाचं नाव किती वेळा येतं, ते मला मोजायचंय. म्हणजे आम्ही तोंडानं कुणाचे गोडवे गातो आणि प्रत्यक्षात कुणाच्या जिवावर चाकू चालवतो, ते कळेल."

"वहीत रेघा मारू का सर?" सिस्टरांनी विचारलं.

"रेघा नको," मी मधेच बोलले. "चिंचोके हायेत माझ्याकडं. पोतंभर."

ते खरं होतं. आईनं भाजून खायला गावाहून पाठवले होते. डॉक्टरांना हसू आलं, मग हसता हसता ते थांबले. एकेका लेखाची एकेक काचेची बरणी, नाव आलं की एक चिंचोका. सभेत टेबलावर मांडल्या की शेवटच्या रांगेतूनही दिसेल, कुठली किती भरली. त्यांनी घरातून लोणच्याच्या बरण्या मागवल्या. चिंचोक्यांची अक्कल माझी होती, हे मी आजही सोडत नाही.

बरणीवर चिकटपट्टी, पट्टीवर लेखकाचं आडनाव, त्याची सुरुवातीची अक्षरं आणि साल. डॉक्टर म्हणाले, सिस्टर वाचतील आणि मावशी चिंचोके टाकतील. माझ्या डोळ्यांपुढं लगेच आलं, की जन्मभर हेच. त्या वाचणार, मी टाकणार.

"मलाबी येतंय," मी म्हणाले.

डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले. "इंग्रजी वाचता येतं, मावशी?"

"वाचता न्हाई येत. पर वळखता येतंय. धोब्याला कपड्यावरची खूण वळखू येती ना, तसं."

"द्या सर, नऊ बरण्या तिला," सिस्टर म्हणाल्या. "अडलं तर मी आहेच."

त्यांनी माझी बाजू घेतली होती. मला मात्र ते 'मी आहेच' टोचलं.

त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. "आधी आडनाव बघ. मग ही ठिपक्याची अक्षरं. मग शेवटी साल. तिन्ही जुळलं तरच टाक. कळलं का?"

"कळलं की."

मला आडनावापर्यंतच कळलं होतं. पुन्हा विचारायचं म्हणजे त्यांच्यापुढं मान खाली घालायची. ठिपक्याची अक्षरं म्हणजे बापाचं नाव असेल, असं मी धरलं. गावात कुणी नवखा आला की आम्ही आधी आडनाव विचारतो. आडनाव कळलं की घर कळलं, भावकी कळली, बसायला काय टाकायचं तेही कळलं. बापाचं नाव विचारलं तर विचारलं.

ऑपरेशनं दुपारी आटपायची. तिथून दिवे लागायच्या आधीपर्यंत आम्ही वर बसायचो, मधे एक लांब टेबल. सिस्टरांचा चिंचोका कधीतरी पडायचा, टक्‌ करून. माझे सारखे पडायचे. एक बरणी तर दहा-बारा दिवसांत गळ्याला आली. भाजलेल्या जखमांवर लिहिलेल्या एका साहेबाची ती बरणी. मी ती मुद्दाम पुढं ओढून ठेवायचे, त्यांच्या बाजूनं दिसावी अशी.

डॉक्टर चढून वर आले, बरणी बघितली आणि खुर्चीतच बसले. "अरे! मला वाटलं होतं, हृदय उघडणारे पुढं असतील. हा तर भाजल्या कातड्याचा माणूस!" दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषण लिहायला घेतलं. ऑपरेशनांचा खरा इतिहास हृदयावाल्यांनी नाही, भाजलेल्या कातड्यानं घडवला, अशी सुरुवात. आम्हाला वाचूनही दाखवली. मग म्हणाले, "जीपमध्ये बरण्या धरून बसायला एक जण लागेल. तुमच्यापैकी एक चला. आणि स्टेजवरून सगळ्यांसमोर मी तिचं नाव घेणार."

कुणाचं, ते बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लग्नात माझं नाव बदललं होतं. जन्माचं नाव गावात राहिलं, आणि सासरचं नाव तोंडात रुळायच्या आत मी सगळ्यांची मावशी झाले. मालक 'अगं' म्हणायचे. माझं नाव माईकमधून, मोठ्यानं, शिकलेल्या माणसांच्या सभेत! कपडे पिळताना मी ते मनात ऐकायचे. सिस्टर जिन्यावरून उतरताना दिसल्या की ऐकू यायचं बंद व्हायचं.

सभेला सहा दिवस राहिले असताना सिस्टर माझ्या बरणीपाशी थांबल्या. पट्टी वाचली, बरणी हातात घेऊन तोलली.

"हिच्यात एवढे कसे गं?"

"का? तुमच्या पोटात दुखायलंय का?"

मी संपवलेल्या मासिकांच्या थप्पीतून सिस्टरांनी एक काढलं, दुसरं काढलं, तिसरं. बोट ठेवून दाखवलं. "हा भाजल्यावर लिहिणारा. हा बघ, हाडाचा डॉक्टर. हा भूल देणारा. आणि हा तर जनावरांचा. आडनाव एक, पण मानसं वेगळी हायेत, बाई. अक्षरं बघितली न्हाईस का?"

"आडनाव एक हाय ना? मग भावकीतलेच असतील. काका-पुतणे."

सिस्टर हसायला लागल्या. भिंतीला टेकून हसल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत, टोपी सुटून खाली पडली. "भावकी! अगं, तिकडं लोहार, शिंपी, दळणवाला अशी आडनावं असतेत. गल्लोगल्ली एकच. त्यांची कशाची भावकी?" मग टोपी उचलली, पिना तोंडात धरून परत लावली, आणि हसू ओसरल्यावर सहज म्हणाल्या, "आडनावावरून मानूस वळखायची सवय लागली ना, की असंच होतंय."

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

एका बरणीत सगळी गर्दी, आणि बाकीच्या आठांतही तेच केलेलं. काम गेलं, खोली गेली, मालक परत येतील ते कुठं येतील, हे सगळं एकदम समोर आलं. सिस्टर म्हणाल्या, "बस खाली. पाणी पी." तांब्या त्यांचा होता. मी प्यायले.

डॉक्टरांना सांगायला त्याच गेल्या. मी दाराआड घड्यांची चळत छातीशी धरून उभी. खाली पेशंट बसलेले, सगळं ऐकायलेले.

"माझं अख्खं भाषण त्या बरणीवर उभं होतं, सिस्टर! तुम्ही शिकलेल्या, म्हणून तुमच्यावर जिम्मा टाकला."

"चुकलं सर. आमची मोजायची पद्धत चुकली. परवापर्यंत नवीन मोजणी देते."

"आमची म्हणजे कुणाची?"

"थिएटरची जबाबदारी माझी आहे सर. माझीच."

मी पुढं जायला हवं होतं. चार पावलांचं अंतर होतं. भीती होतीच, आणि त्या भीतीच्या खाली, खरं लिहिते, कुठंतरी गार वाटत होतं. त्यांनाही कुणी ओरडतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

नंतर मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलं. त्या म्हणाल्या, "मला ओरडतील, काढणार न्हाईत. तुला काढतील." एवढंच. जणू कुठला चिमटा कुठं ठेवायचा ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शहरात बंद होता, नामांतराचाच. कोणत्या बाजूनं पुकारला होता ते आता आठवत नाही. त्या वर्षांत दोन्हीकडून व्हायचे. दुकानं बंद, रिक्षा बंद, दवाखान्यात एक पेशंट नाही. मला वाटलं, सिस्टर कशाच्या येतात. त्या नऊच्या सुमाराला मागच्या दारानं आल्या, साध्या लुगड्यात, डोक्यावरून पदर, पांढरे कपडे पिशवीत. वस्तीपासून आडवाटेनं चालत आलेल्या. "आज पेशंट न्हाईत, तर मोजून तरी होईल," म्हणाल्या.

माझ्या नऊ बरण्या आम्ही सतरंजीवर उपड्या केल्या. चिंचोक्यांचा केवढा ढीग! मग त्यांनी मला आधी शिकवलं. चिकटपट्टीचा तुकडा कापला. "तुझंच नाव घेऊ. सांग." मी सासरचं सांगितलं. त्यांनी इंग्रजीत आडनाव लिहिलं, पुढं ठिपक्याची दोन अक्षरं. "आणि लग्नाआधीचं?" ते मी किती दिवसांनी उच्चारलं कोण जाणे. त्यांनी ते मोठ्यानं म्हणून बघितलं, दोनदा, आणि दुसऱ्या तुकड्यावर त्याची अक्षरं लिहिली, आडनाव मात्र तेच ठेवलं. "बघ. अक्षरं बदलली. आता समज, ही तू आणि ही तुझी जाऊ, आडनाव एक. तिनं केलेली चूक तुझ्या नावावर टाकली तर चालंल का?"

"न्हाई चालणार!"

"मग त्या साहेबालाबी न्हाई चालत."

त्या दिवशी आणि पुढच्या दुपारी आम्ही एका टेबलाच्या एकाच बाजूला बसलो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्या डब्यातली होती.

नवी मोजणी बघायला डॉक्टरांनी एकेक बरणी उचलून उजेडात धरली. भाजल्या जखमेवाला अर्ध्याच्याही खाली गेला होता. हृदयवालेही मधेच कुठंतरी. सगळ्यात भरलेल्या दोन बरण्या अशा होत्या, ज्यांच्याकडं आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. एक, जखम किती स्वच्छ आणि किती घाण, हे ठरवायच्या तक्त्याची. दुसरी, बेशुद्ध माणूस डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, याला गुण द्यायच्या तक्त्याची. दोन्हींत चाकूच नाही. आणि टेबलाच्या टोकाला दोन बरण्या जवळजवळ रिकाम्या. माणसाला पहिल्यांदा ईथरची भूल दिली त्या लेखाची, आणि डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणी वाचतात, असं लिहिणाऱ्याची.

"या दोघांशिवाय आमचा एक दिवस जात नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि एक माणूस त्यांचं नाव लिहीत नाही."

"हात धुवायला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही ना सर," सिस्टर म्हणाल्या. "सवय झाली की नाव गळतं."

डॉक्टरांनी आधीचे कागद फाडले आणि याच वाक्यावरून नवं भाषण सुरू केलं. पहिल्यांदा पोट कुणी उघडलं, याला टाळी मिळते. पण सगळ्यांनी एका मापानं मोजावं म्हणून ज्यानं माप दिलं, त्याचं नाव रोज घ्यावं लागतं. आणि जे हाडीमाशी मुरलं, त्याची बरणी रिकामी. तेही त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. भाषण आधीच्यापेक्षा चांगलं झालं होतं, आणि ते सिस्टरांच्या वाक्यावर उभं होतं. आता त्याच जाणार.

"सिस्टर, उद्या सहाला निघू," सभेच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले. राग गेलेला होता.

"मावशीला न्या सर. चिंचोके तिचे, अक्कल तिची. आणि मला उद्या वॉर्ड आहे."

वॉर्डात दुसरी नर्स होती. मला माहीत होतं. मी 'नको' म्हणाले नाही.

देवाला जाताना नेसते ते लुगडं नेसून मी जीपमध्ये मागं बसले, अठरा बरण्या हिरव्या कपड्यांत गुंडाळून. एकही फुटू दिली नाही. सभेत बरण्या मांडल्या तेव्हा डॉक्टर लोक लहान मुलांसारखे पुढं वाकून बघायला लागले. भाषण झालं. ते वाक्य आलं, डॉक्टरांच्या तोंडून आलं, कुणाचं ते न सांगता आलं, आणि त्यालाच सगळ्यात मोठी टाळी पडली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणि ही मोजणी केली आमच्या दवाखान्यातल्या मावशींनी. मावशी, उभ्या राहा!"

मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. नाव नाहीच. त्यांना ते माहीत तरी होतं की नाही कोण जाणे. मी तिथं उभ्या उभ्या त्या रिकाम्या बरण्यांकडं बघत होते, आणि एवढं बोलता आलं असतं, की सर, मोजणी सिस्टरांची. मी हात जोडले आणि खाली बसले.

संध्याकाळी सिस्टर वॉर्डच्या पायरीवर भेटल्या.

"टाळ्या वाजल्या का?"

"वाजल्या."

"लय?"

"लय."

"बरं झालं," म्हणाल्या आणि थर्मामीटर झटकत आत गेल्या. माझं नाव घेतलं का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी ते विचारावं असं मला वाटत होतं, 'नाही घेतलं' म्हणून मला रडायचं होतं. आणि स्वतःचं घेतलं का, तेही विचारलं नाही. त्यांच्या बुटांचा, घड्याळाचा, इंग्रजीचा मी हेवा केला, तो सगळा त्या पायरीवर एकदम हलका पडला. न विचारता आत निघून जायला जे लागतं, त्याचा हेवा सुरू झाला. तो अजून संपलेला नाही.

पुढं मालकांना वापीला काम लागलं आणि आम्ही परभणी सोडली. इथं आल्यावर एका थंडीत, विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा मी पोळ्या करत होते. तवा उतरवून बसले. त्या ऐकत असतील, असं वाटलं. नाव छापून यायला किती वर्षं आणि किती चालणं लागतं, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

चिकटपट्टीचा तो तुकडा, माझ्या जन्माच्या नावाचा, शिवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. कडा काळ्या पडल्यात.

डॉक्टर आता दवाखान्याच्या वरच असतात म्हणे, वय झालं, खाली पेशंट दुसरे डॉक्टर बघतात. सिस्टर परभणीतच आहेत. कधी ना कधी मी परभणीला उतरेन, आधी सिस्टरांच्या घरी जाईन, च्या पिईन, आणि त्यांना बरोबर घेऊन डॉक्टरांच्या दारात उभी राहीन. सांगेन, की सर, भावकी माझी चुकली होती, मोजणी यांची होती, आणि ते वाक्यही यांचंच. मग सिस्टरांचं नाव घेईन, आडनावासकट, पेशंट बसतात तिथपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्या 'कशाला गं' म्हणतील. तरी घेईन.